कच्चं राहिलेलं ॲक्रिलिक आणि मोडणारी कवळी

वरच्या जबड्याची कवळी मोडते तेव्हा बहुतेक वेळा ती मधोमध मोडते. पुढच्या दोन दातांच्या फटीतून निघालेला तडा टाळूवरून मागे सरकत जातो आणि एक दिवस जेवता जेवता कवळीचे दोन तुकडे हातात येतात. मग कारणं शोधली जातात. काहीतरी कडक चावलं असेल, बेस, म्हणजे दात बसवलेला गुलाबी पाया, पातळ झाला असेल, कवळी धुताना बेसिनमध्ये पडली असेल. यातलं प्रत्येक कारण खरं असू शकतं. पण ते गुलाबी रेझिन, म्हणजे ॲक्रिलिक, लॅबमध्ये क्युअर कसं केलं होतं, म्हणजे घट्ट कसं केलं होतं, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. एकाच डब्यातली पावडर आणि एकाच बाटलीतलं लिक्विड घेऊन दोन कवळ्या केल्या, तरी किती तापमानाला, किती वेळ आणि किती दाबाखाली ते घट्ट झालं यावर दोन्हींची ताकद वेगळी निघू शकते.

मोडलेली कड भिंगाखाली धरून पाहिली तर कधीकधी उत्तर तिथेच दिसतं. चांगल्या क्युअर झालेल्या रेझिनची कड सलग असते. बिघडलेल्या कामात जाड भागाच्या पोटात टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे दिसतात. वरून पॉलिश केलेला पृष्ठभाग मात्र गुळगुळीत, चकचकीत असतो, म्हणून कवळी देताना हे कुणाच्या लक्षात आलेलं नसतं. हे बुडबुडे आतच का होतात आणि बाहेर का होत नाहीत, हे समजलं की क्युअरिंगचा निम्मा विषय समजला.

पावडर, लिक्विड आणि मधलं रसायन

कवळीच्या बेससाठी आज सर्वाधिक वापरलं जाणारं ॲक्रिलिक म्हणजे पॉलिमेथिल मेथाक्रिलेट. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते दंतवैद्यकात आलं आणि पुढच्या दहाएक वर्षांत त्याने व्हल्कनाइट नावाच्या कडक रबराला जवळपास हद्दपार केलं. व्हल्कनाइटचा रंग हिरडीशी जुळत नसे. ॲक्रिलिकला हवी ती गुलाबी छटा देता येते, ते घासता येतं, मोडलं तर जोडताही येतं.

पावडरमध्ये आधीच पॉलिमर झालेले, म्हणजे रेणूंच्या लांब साखळ्या बनलेले, बारीक गोल कण असतात. त्यांच्यासोबत रंगद्रव्य आणि थोडं बेन्झॉइल पेरॉक्साइड. लिक्विड म्हणजे मुख्यतः मेथिल मेथाक्रिलेट हा मोनोमर, म्हणजे साखळीत न गुंफलेले सुटे रेणू. बाटलीत ठेवल्या ठेवल्या ते घट्ट होऊ नये म्हणून त्यात अगदी अल्प प्रमाणात हायड्रोक्विनोन असतं आणि तयार होणाऱ्या साखळ्या एकमेकींना बांधल्या जाव्यात म्हणून एक क्रॉसलिंकर. दोन्ही कालवली की काही वेळाने मिश्रण कणकेसारखं होतं, भांड्याला चिकटणं सोडतं. याला लॅबमध्ये डो स्टेज म्हणतात. साचा भरायचा तो याच वेळी. त्याआधी भरलं तर मिश्रण पातळ असल्यामुळे साच्यात पुरेसा दाब बसत नाही. उशीर केला तर ते रबरासारखं ताणलं जातं आणि साच्याचे बारीक कोपरे भरत नाहीत.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. क्युअरिंगमध्ये प्रक्रिया होते ती मुख्यतः लिक्विडची. पावडरचे कण आधीच पॉलिमर आहेत. लिक्विड त्यांच्या पृष्ठभागात थोडं मुरतं आणि त्यांच्याभोवती नवीन पॉलिमर तयार होतं. नुसत्या मोनोमरचं पॉलिमर केलं तर आकारमान सुमारे २१ टक्के घटतं, आणि अशी आकसलेली कवळी कुणाच्याच तोंडात बसणार नाही. पावडर आणि लिक्विड आकारमानाने ३ : १ घेतलं की ही घट सात टक्क्यांच्या आसपास येते. घाईत लिक्विड जास्त ओतणाऱ्याच्या हातून आकुंचन वाढतं ते यामुळेच.

उष्णतेने, किंवा दुसऱ्या एखाद्या रसायनाने, बेन्झॉइल पेरॉक्साइड तुटतं. त्याचे तुकडे मोनोमरच्या रेणूंना एकापाठोपाठ एक गुंफत नेतात आणि साखळ्या लांबत जातात. पण शेवटचा रेणू कधीच पकडला जात नाही. सगळीकडे घट्टपणा आला की उरलेल्या मोनोमरला हालचाल करायला वाव राहत नाही आणि तो तिथेच अडकून पडतो. हा उरलेला मोनोमर साखळ्यांच्या मध्ये बसून त्यांना एकमेकींवरून घसरू देतो. रेझिन थोडं मऊ राहतं, जास्त वाकतं, कमी भार सोसतं. शिवाय तो हळूहळू लाळेत उतरतो, आणि काही लोकांच्या हिरडीला त्याचा त्रासही होतो. नीट क्युअर केलेल्या हीट क्युअर (उष्णतेने घट्ट होणाऱ्या) रेझिनमध्ये उरलेला मोनोमर साधारण अर्ध्या टक्क्याच्या आत आणता येतो. सेल्फ क्युअर (उष्णता न देता घट्ट होणाऱ्या) रेझिनमध्ये सुरुवातीला तो ३ ते ५ टक्के असू शकतो. आंतरराष्ट्रीय मानक २०७९५-१ यात हीट क्युअरसाठी २.२ टक्के आणि सेल्फ क्युअरसाठी ४.५ टक्के ही कमाल मर्यादा आहे.

ताकद म्हणजे नेमकं काय

‘हे रेझिन मजबूत आहे’ या वाक्याला तसा अर्थ नाही. कुठल्या बाबतीत मजबूत, हे विचारायला लागतं.

मानकातली चाचणी अशी असते. रेझिनची ६४ मिलिमीटर लांब, १० रुंद आणि ३.३ जाड पट्टी करायची. ती ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ५० तास ठेवायची, कारण कवळीही तोंडात तशीच ओलसर आणि उबदार राहणार आहे, आणि मुरलेलं पाणीही साखळ्यांना थोडं सैल करतं. मग पट्टी ५० मिलिमीटर अंतरावरच्या दोन आधारांवर ठेवून मधोमध दाबत जायचं, मोडेपर्यंत. यातून वाकतानाची ताकद मिळते. हीट क्युअरला किमान ६५ मेगापास्कल (ताण मोजण्याचं एकक) लागतात, सेल्फ क्युअरला ६० चालतात. हे उंबरठे आहेत. चांगली रेझिन्स ते सहज ओलांडतात.

पण तोंडात कवळी एका झटक्यात मोडत नाही. प्रत्येक घासाला ती किंचित वाकते. वर्षं गेली की दातांखालची हाडाची कड झिजते, टाळूच्या मधला उंचवटा मात्र तसाच राहतो, आणि कवळी त्याच्यावर दोन्ही बाजूंना झुलायला लागते. लाखो वेळा असं वाकून झालं की एखाद्या कमकुवत जागेतून बारीक चीर निघते. वरचा ओठ हिरडीशी जोडणाऱ्या दोरीसाठी पुढे कापलेली खाच ही अशीच एक जागा. आत राहिलेला बुडबुडा ही दुसरी. तिथे ताण एकवटतो. कवळी हातातून निसटून पडते तेव्हाचा मार पुन्हा वेगळ्या प्रकारचा, त्यासाठी आघात सोसण्याची ताकद मोजतात. वाकण्याच्या चाचणीत पहिला आलेला नमुना आघातात मागे पडू शकतो. म्हणून एखाद्या पद्धतीने ताकद वाढते असं कुणी सांगितलं की कोणती ताकद, हे आधी विचारावं.

पाण्याच्या टाकीतले काही तास

सगळ्यात जुनी आणि अजूनही सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत म्हणजे भरलेला फ्लास्क (प्लास्टरचा साचा असलेला धातूचा डबा) क्लॅम्पमध्ये आवळून गरम पाण्यात ठेवणं. दिसायला साधी, पण चुका करायला सगळ्यात जास्त जागा हिच्यात आहे.

साधारण ६० अंशांच्या पुढे बेन्झॉइल पेरॉक्साइड वेगाने तुटायला लागतं. पाणी ७४ अंशांवर ठेवलं असेल तर प्लास्टर आणि धातूच्या फ्लास्कमधून ती उष्णता हळूहळू रेझिनपर्यंत पोचते. रेझिन ७० च्या आसपास आलं की प्रक्रिया जोर धरते. ही प्रक्रिया स्वतः उष्णता सोडते, त्यामुळे रेझिनचं तापमान भोवतालच्या पाण्यापेक्षाही वर चढतं. प्लास्टर उष्णतेचा वाईट वाहक. आत तयार झालेली उष्णता लवकर बाहेर पडत नाही.

मेथिल मेथाक्रिलेट १००.८ अंशांना उकळतं. कुणी वेळ वाचवायला फ्लास्क थेट उकळत्या पाण्यात टाकला, तर बाहेरची उष्णता आणि आतली उष्णता मिळून जाड भागातलं तापमान ही रेषा ओलांडतं. घट्ट होऊ लागलेल्या रेझिनच्या आतला मोनोमर उकळतो आणि त्याची वाफ बुडबुड्यांच्या रूपात तिथेच कोंडते. पृष्ठभागाजवळची उष्णता प्लास्टरमध्ये निघून जाते, म्हणून तिथे हे घडत नाही. मोडलेल्या कडेच्या पोटात दिसलेले बुडबुडे ते हेच. खालच्या कवळीची जिभेकडची जाड कड आणि वरच्या कवळीचे मागचे जाड कोपरे यांत ते जास्त सापडतात. सगळेच बुडबुडे उकळण्याने होत नाहीत म्हणा. पावडर-लिक्विड नीट मिसळलं नाही किंवा साच्यात माल कमी भरला, दाब कमी पडला, तरी पोकळ्या राहतात. पण त्या अनियमित आकाराच्या असतात आणि पृष्ठभागावरही दिसू शकतात.

मग पाणी ७० च्या थोडं वर ठेवून थांबलं की झालं का? जाड भागासाठी बऱ्याच अंशी हो, पण पातळ भागाची अडचण नेमकी उलटी. टाळूवरचा बेस दोन-अडीच मिलिमीटरचा असतो. तिथे मोनोमर कमी, म्हणून सुटणारी उष्णताही कमी, आणि ती लगेच प्लास्टरमध्ये जाते. जाड भाग स्वतःच्या उष्णतेवर पूर्ण होतो, पातळ भाग कच्चा राहतो. आणि कवळी मोडते ती या पातळ टाळूवरून. शेवटी पाणी उकळीला नेऊन तासभर ठेवायचं ते याच्यासाठी. तोपर्यंत जाड भागातला बहुतेक मोनोमर संपलेला असतो, त्यामुळे उकळायला आता फारसं काही उरलेलं नसतं.

प्रचलित वेळापत्रकं दोन-तीन आहेत. ७४ अंशांना आठ तास किंवा रात्रभर; किंवा ७४ अंशांना सुमारे दोन तास आणि मग १०० अंशांना एक तास; किंवा लांबलचक पहिला टप्पा आणि त्याच्यापुढे उकळीचा तास, दोन्ही. शेवटच्या उकळीशिवायची सायकल (वेळापत्रक) बुडबुड्यांच्या दृष्टीने सुरक्षित असली तरी उरलेल्या मोनोमरच्या बाबतीत मागे पडते. लांब पहिला टप्पा आणि त्यानंतर उकळी, यात मोनोमर सर्वांत कमी उरतो. माझ्या मते कवळीच्या मजबुतीसाठी एवढा स्वस्त उपाय दुसरा नाही. त्याला लागतो तो फक्त वेळ, आणि लॅबमध्ये नेमका तोच काटला जातो.

थंड करण्यातही घाई नडते. तापमान उतरताना ॲक्रिलिक प्लास्टरपेक्षा कितीतरी जास्त आकसतं. फ्लास्क उकळत्या पाण्यातून काढून थेट नळाखाली धरला तर आत ताण अडकून राहतात आणि फ्लास्क उघडला की कवळी वाकते. म्हणून तो आधी अर्धा तास टेबलावर, मग पंधरा मिनिटं साध्या पाण्यात. रात्रभर आपोआप निवू दिला तर उत्तमच.

उष्णता न देता

सेल्फ क्युअर किंवा कोल्ड क्युअर रेझिनमध्ये लिक्विडमध्ये तृतीयक अमाइन नावाचं एक रसायन असतं. ते खोलीच्या तापमानालाच बेन्झॉइल पेरॉक्साइड तोडतं. काही मिनिटांत काम घट्ट. पण थंड रेझिनमध्ये मोनोमरचे रेणू लवकर अडकतात, प्रक्रिया कमी पूर्ण होते, मोनोमर जास्त उरतो. म्हणून वाकतानाची ताकद कमी, कडकपणा कमी, आणि अमाइनमुळे पुढे रंगही पिवळसर होण्याची शक्यता.

एक गोष्ट मात्र या पद्धतीच्या बाजूने आहे, आणि ती सहसा सांगितली जात नाही. तापमान फारसं चढलेलंच नसल्यामुळे ते उतरतानाचं आकुंचनही कमी असतं. त्यामुळे सेल्फ क्युअर बेसचं माप पुष्कळदा हीट क्युअरपेक्षा अचूक येतं. ताकद आणि माप या दोन वेगळ्या परीक्षा आहेत.

सेल्फ क्युअर सुधारायचा सोपा मार्ग म्हणजे प्रेशर पॉट. कोमट पाणी आणि हवेचा दाब असलेल्या बंद भांड्यात काम घट्ट होऊ दिलं की बुडबुडे दबतात आणि त्या ऊबेने थोडा अधिक मोनोमर कामी येतो. टेबलावर उघड्यावर घट्ट केलेल्या रेझिनशी तुलना केली तर फरक स्पष्ट असतो.

मायक्रोवेव्ह

जपानमध्ये १९६८ साली मायक्रोवेव्हने कवळीचं रेझिन क्युअर केल्याचं पहिल्यांदा प्रसिद्ध झालं. धातूचा फ्लास्क इथे चालत नाही, फायबरचा घ्यावा लागतो. लहरी मोनोमरच्या रेणूंना हलवतात आणि उष्णता रेझिनच्या आतच निर्माण होते. प्लास्टर तापण्याची वाट पाहावी लागत नाही. यासाठीच बनवलेलं रेझिन ५०० वॅटला अवघ्या तीन मिनिटांत होतं.

यातला सुंदर भाग असा की जसजसा मोनोमर कमी होतो तसतशी रेझिन शोषत असलेली ऊर्जाही कमी होते. म्हणजे प्रक्रियेला काही प्रमाणात स्वतःचाच लगाम असतो. बनवणाऱ्याने सांगितलेलं रेझिन, वॅट आणि वेळ पाळली तर मिळणारी ताकद पाण्याच्या टाकीत केलेल्या कामाच्या तोडीची असते. पण नेहमीचं हीट क्युअर रेझिन जास्त वॅटवर ठेवलं की पुन्हा तीच १००.८ अंशांची गोष्ट, आणि जाड भागात बुडबुडे. वेगवेगळ्या अभ्यासांत मायक्रोवेव्ह कधी पुढे तर कधी मागे दिसतो, त्याचं बरंचसं कारण इथे आहे: कोणतं रेझिन, किती वॅट, किती जाडी, हे प्रत्येकाचं वेगळं.

प्रकाशाने क्युअर होणारं रेझिन रसायनानेच वेगळं, युरेथेन डायमेथाक्रिलेटवर आधारलेलं. ४०० ते ५०० नॅनोमीटरचा निळा प्रकाश पडला की ते घट्ट होतं. कडक असतं, पण ठिसूळपणाकडे झुकतं. ट्रे आणि तात्पुरत्या बेससाठी ते जास्त शोभतं.

इंजेक्शन पद्धतीत क्युअरिंग चालू असताना दाबाखाली रेझिन साच्यात जातच राहतं, त्यामुळे आकुंचनाची जागा लगोलग भरली जाते. मुख्य फायदा मापाचा. ताकदीचा फरक त्यामानाने थोडा.

कारखान्यात क्युअर झालेली चकती, आणि थरांची कवळी

संगणकावर आखलेली कवळी दोन रस्त्यांनी बनते आणि ताकदीच्या बाबतीत ते दोन रस्ते अगदी वेगळे आहेत. पहिल्यात ॲक्रिलिकची जाड चकती कारखान्यातच मोठ्या दाबाखाली, नियंत्रित तापमानाला पूर्ण क्युअर करून येते. मिलिंग मशीन तिच्यातून कवळी कोरून काढतं. आकुंचन होऊन गेलेलं, बुडबुडे जवळजवळ नाहीत, उरलेला मोनोमर कमी. वाकतानाच्या चाचण्यांत या चकत्या साधारणपणे पहिल्या नंबरात असतात. रसायन ओळखीचंच आहे, फरक फक्त ते पूर्णत्वाला नेलं गेलं एवढाच.

दुसरा रस्ता थ्रीडी प्रिंटिंगचा. द्रव रेझिन थराथराने प्रकाशाने घट्ट केलं जातं. प्रिंटरमधून निघालेली कवळी अर्धवट क्युअर झालेली असते. ती अल्कोहोलमध्ये धुऊन मग प्रकाशपेटीत पोस्ट क्युअर करावी लागते. ही पेटीतली मिनिटं कमी केली की ताकद उघडपणे घसरते. थर कोणत्या दिशेने रचले यावरही तडा किती सहज जाईल हे ठरतं. आजवरच्या चाचण्यांत प्रिंट केलेले बेस बहुधा मिल केलेल्यांच्या मागे राहतात.

हाय इम्पॅक्ट म्हणून मिळणाऱ्या रेझिनचा इथे गोंधळ करू नये. त्याच्या पावडरमध्ये रबराचा अंश असतो आणि वाढणारी चीर त्या रबरापाशी अडते. तो गुण डब्यातल्या मालाचा आहे, क्युअरिंगचा नव्हे. तेही घाईत केलं तर कच्चंच राहणार.

मोडल्यावर

दुरुस्तीला बहुधा सेल्फ क्युअर रेझिनच वापरतात, कारण जुनी कवळी पुन्हा उकळत्या पाण्यात घातली तर तिच्यात अडकलेले ताण मोकळे होऊन ती वाकू शकते. (कवळी घरी उकळत्या पाण्यात भिजवू नये ती याच कारणाने.) जोड मूळ बेसइतका भक्कम नसतो. तुटलेल्या कडा तासून, गोलाई देऊन, त्यांवर मोनोमर सुमारे तीन मिनिटं लावून ठेवला तर जुनं ॲक्रिलिक पृष्ठभागावर किंचित विरघळतं आणि नवीन रेझिन त्याच्यात गुंततं. अनेक ठिकाणी एक फटकारा मारून लगेच नवीन माल भरला जातो. जोड मग जुन्या-नव्याच्या सीमेवरच सुटतो. त्यानंतर काम प्रेशर पॉटमध्ये घट्ट करावं आणि देण्याआधी दिवसभर पाण्यात ठेवावं, म्हणजे सुटा मोनोमर तोंडात उतरण्याऐवजी पाण्यात उतरतो.

आणि नीट केलेला जोडही काही महिन्यांत पुन्हा त्याच रेषेवर मोडला, तर तिसऱ्यांदा जोडण्यापेक्षा कवळी तोंडात झुलते का हे आधी तपासून घ्यावं. झुलत असेल तर बेस नव्याने करावा, आणि तो लांब सायकलवर क्युअर करावा.